बुंध्याजवळच्या मिरच्या

झाडाला मिरच्या किती लागल्या ते मोजायचं, यात कसलं आलंय मोठं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भर उन्हात नऊशे झाडं मोजून बघावीत आणि मग बोलावं. मोजणीबाई हे काम एकतीस वर्षं करत होत्या. मिरची संशोधन केंद्रात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. केंद्रात शास्त्रज्ञ आले आणि गेले, कुंपणं बदलली, पंप बदलले, पण वाफ्यात वही घेऊन उभी असलेली बाई तीच. बाईंनी एकदा आकडा लिहिला की त्यावर कोणी शंका घेत नसे. साहेब लोकसुद्धा आपसात म्हणायचे, "बाईंचा आकडा आहे ना? मग झालं."

काम समजायला अवघड नव्हतं. साठ जातींची मिरची लावलेली, प्रत्येक जात तीन वेगवेगळ्या वाफ्यांत. प्रत्येक वाफ्यातल्या पाच झाडांना शेंड्याजवळ लाल दोरा. झाडाची उंची, फांद्या, फूल कितव्या दिवशी आलं, फळाची लांबी, जाडी, फळात बिया किती, हे सगळं त्या लाल दोऱ्याच्या झाडांवरच मोजायचं. दर तोडणीला बाई आधी त्या पाच झाडांच्या मिरच्या स्वतः तोडायच्या, मोजायच्या, तराजूवर घालायच्या आणि वहीत लिहायच्या. त्या पुढच्या वाफ्यात गेल्या की तोडणाऱ्या बायका आत शिरायच्या आणि उरलेला सगळा माल एकत्र पोत्यांत भरायच्या. पोत्यातली मिरची कुठल्या जातीची, हे मग कोणी विचारत नसे.

हाताची आग व्हायची. सुरुवातीच्या वर्षांत बाई रडायच्या, पुढे नुसत्या चिडायच्या, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी आग होते आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नसे. निवृत्तीला सात महिने उरले होते. बाईंना त्याचा आनंद होता असंही नाही आणि दुःख होतं असंही नाही. त्यांना फक्त बसायचं होतं, कुठेही, पाठ टेकून, कोणी उठवणार नाही अशा जागी.

घरी नवरा होता. आयुष्यभर शिंपीकाम केलेला, आता डोळे अधू झाल्यामुळे मशीन झाकून ठेवलेला. एका घरात दोन टेप, असं तो स्वतःच म्हणायचा. ती झाडांची मापं घेते, मी माणसांची घेतली; झाडं बरी, पोट आत ओढून उभी राहत नाहीत.

आता जे झालं ते असं. पाचव्या तोडणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं. साहेब चौतिशीतले. सहा वर्षांपूर्वी याच केंद्रात विद्यार्थी म्हणून आले होते, तेव्हा बाई त्यांना "अरे, टोपी घाल" म्हणायच्या. त्यांच्या प्रबंधाची सगळी मोजणी बाईंनीच केली होती. पुढे ते डॉक्टर झाले, नोकरीला लागले, साहेब झाले, आणि बाई "अहो" म्हणायला लागल्या. पोरगा मात्र बिघडला नव्हता. खुर्ची स्वतः पुढे करायचा.

"बसा, बाई. हे बघा, तुमच्या मेहनतीचं काय झालंय ते." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. चौकटीच चौकटी आणि प्रत्येकीत दशांश चिन्हाचे आकडे.

"मला काय कळतंय यातलं."

"सोपं आहे. या साठ जातींत आपल्याला भरपूर फरक मिळाला. कुणी उंच, कुणी बुटकी, कुणाला मिरच्या कमी पण मोठ्या, कुणाला बारीक पण भरघोस. फरक असेल तरच निवड करता येते, सगळ्या सारख्याच असत्या तर निवडायचं काय? आता यातले कुठले गुण एकमेकांचा हात धरून चालतात, ते बघायचं. म्हणजे एकाला धरलं की दुसरा आपोआप मागे येतो." त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "मिरच्यांची संख्या वाढली की मिरचीचं वजन घटतं. ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण हा बघा. झाडाची उंची आणि मिरच्यांची संख्या. शून्य दशांश एकाहत्तर. एकच्या जितकं जवळ तितकी साथ पक्की, आणि तीन वर्षं सारखं हेच येतंय. म्हणजे उंच झाड धरा, मिरच्या जास्त मिळणारच."

"मग बुटक्या?"

"बुटक्या बाद. एकोणीस जाती आहेत, सोमवारच्या बैठकीत काढून टाकतो. बियाणंही ठेवायचं नाही, शीतखोलीत जागाच नाही. उरलेल्या एकेचाळीसवर काम केलं तर दोन वर्षांत वाण तयार होईल." साहेबांचा चेहरा खुलला होता. "तुमच्या आकड्यांमुळे झालं हे, बाई. एकही आकडा विस्कटलेला नाही."

बाईंना बरं वाटलं. का वाटू नये? कागदाला हात लावून त्या उठल्या, उठताना टेबलाचा कोपरा धरला, दोन क्षण तिथंच थांबल्या आणि मग चालू लागल्या. एकोणिसांत सत्तावीस नंबर पण गेला असणार, एवढं त्यांच्या मनात आलं. सत्तावीस नंबर म्हणजे गुडघ्याएवढं झुडूप, पसरट, पानांनी गच्च. वाऱ्यापावसात उंच झाडं आडवी व्हायची, त्यांना काठ्या लावता लावता नाकी नऊ यायचे, आणि हे बेटं जागचं हलायचं नाही. पण मिरच्याच नाहीत तर नुसतं उभं राहून काय उपयोग, असं म्हणून बाईंनी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी तोडणी. बाई वहीत लिहून सत्तावीस नंबरच्या वाफ्यातून बाहेर पडल्या आणि बांधावर पाण्याची बाटली उघडून उभ्या राहिल्या. तोडणाऱ्या बायकांत एक होती, तिला सगळ्या थोरली म्हणायच्या. वयानं थोरली नव्हती, तोंडानं होती. ती वाफ्यात शिरली ती सरळ लाल दोऱ्याच्या झाडाशी जाऊन बसली. दुसरी एक त्याच झाडाकडे आली, तर हिनं तिला हातानं मागं सारलं.

"हे माझं. तू पुढचं घे."

बाईंना हसू आलं. "अगं, ते मी आत्ताच तोडलंय. त्यात काय उरलंय भांडायला?"

थोरलीनं मान वर केली. तिला वाटलं बाई थट्टा करताहेत. "म्हणून तर. तुम्ही वरचं नेता, खालचं आमच्यासाठी ठेवता. लाल दोरा दिसला की बुड भरतंच टोपलीचं, आणि आमची मजुरी टोपलीवर. आम्ही म्हणतो, बाईंना आमची काळजी आहे."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, ते वाकडं बसलं, पुन्हा काढून लावलं.

"सरक जरा," त्या म्हणाल्या आणि वाफ्यात गेल्या.

बसणं म्हणजे काय प्रकार होता, ते ज्याचे गुडघे गेलेत त्यालाच कळेल. आधी एक हात जमिनीला, मग दुसरा, मग डावा पाय मागे, आणि मग देवाचं नाव घेऊन बाकीचं अंग सोडून द्यायचं. बाई मातीत बसल्या. पानं बाजूला केली. आत, बुंध्यापासून चार बोटांवर, जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मिरच्या लोंबत होत्या. एकीमागे एक. त्या तोडत गेल्या आणि मोजत गेल्या. वहीत त्यांनी या झाडाचे एकतीस लिहिले होते. खाली अठ्ठावीस निघाल्या.

"पलीकडचं," त्या म्हणाल्या, आणि बसल्या बसल्या सरकत पलीकडच्या दोऱ्याकडे गेल्या. तिथं वर पस्तीस होत्या, खाली सव्वीस.

मग त्या बांधापलीकडच्या उंच जातीच्या वाफ्यात गेल्या. जाणं म्हणजे थोरलीनं आणि आणखी एकीनं काखेत हात घालून उभं केलं, आणि तिथं पुन्हा बसवलं. उंच झाडाखाली दोन मिरच्या सापडल्या. दुसऱ्याखाली एकही नाही. उंच झाडाच्या मिरच्या कमरेला येतात. तिथं बाईंना वाकावंच लागत नाही.

बाईंना शिक्षण सातवीपर्यंतचं. पण एकतीस वर्षं ज्यानं आकडे लिहिलेत त्याला आकडे वाचता येतात. झाड बुटकं, म्हणून मिरच्या खाली. मिरच्या खाली, म्हणून बाईंना दिसत नाहीत. दिसत नाहीत, म्हणून वहीत कमी. शून्य दशांश एकाहत्तर हा मिरचीचा गुण नव्हता. तो त्यांच्या गुडघ्यांचा होता.

"काय झालं हो बाई?" थोरली म्हणाली. "ऊन लागलं का?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तोडा तुम्ही."

त्या दिवशी त्यांनी उरलेल्या वाफ्यांचं मोजमाप केलं, पण कसं केलं ते विचारू नये. प्रत्येक झाडापाशी उभं राहायचं, खाली बघायचं, आणि जमत नाही म्हणून पुढे जायचं. पूर्वीही हेच करत होत्या, फक्त पूर्वी ते कळत नव्हतं. कळत नव्हतं, हेही खरं होतं का? बाईंनी स्वतःला विचारलं. गुडघे धरायला लागले त्या पहिल्या वर्षी कधीतरी त्यांच्या मनात आलंच असेल की खालचं राहिलं. मग वाटलं असेल, चार मिरच्यांनी काय होतंय. पुढे ते वाटणंही बंद झालं. दमलेलं माणूस स्वतःला किती बेमालूम फसवतं, याची बाईंना चीड आली आणि त्या चिडीलाही अंगात जोर नव्हता.

संध्याकाळी घरी आल्या आणि चपला न काढता खुर्चीत बसल्या. नवऱ्यानं चहा पुढे केला. त्यांनी सगळं सांगितलं, त्यानं ऐकलं.

"सात महिने राहिलेत," बाई म्हणाल्या. "गप्प बसले तर कुणाच्या बापाला कळणार नाही. थोरलीला काय, तिला वाटतंय मी मुद्दाम ठेवते."

"आणि त्या एकोणीस?"

"जातील."

"बरं." त्यानं कप उचलून ठेवला. "माझं माप चुकलं की मी उसवायचो. कापडच चुकून कापलं गेलं असेल, तर गिऱ्हाईक यायच्या आत तसंच्या तसं दुसरं आणायचो. चारदा आणलंय. तुझ्या कामात दुसरं कापड मिळतं का?"

"बियाणं टाकून दिलं की नाही मिळत."

"मग उद्या जा."

"आणि साहेबानं विचारलं, किती दिवस चाललंय हे, तर? मला सांगताच येणार नाही. हे काय एका दिवसात झालंय?"

नवरा हसला. हसला म्हणजे कसा, आयुष्यभर एकत्र राहिलेली माणसं हसतात तसा, थोडं वाईट वाटून. "मला येतं सांगता. नात रांगायला लागली तेव्हा तू खाली बसायची नाहीस. तिला पलंगावर उचलून घ्यायचीस. ती तुझ्या पायाशी येऊन रडायची आणि तू मला हाक मारायचीस, अहो, हिला वर द्या. फरशी पुसायचं मी तेव्हाच हातात घेतलं. नात आता पहिलीत आहे."

बाईंनी बोटं मोजली नाहीत. गरज नव्हती. नात रांगत होती त्या वर्षी केंद्रात एक विद्यार्थी होता, त्याला त्या रोज टोपी घालायला सांगत होत्या, आणि त्याच्या प्रबंधासाठी चाळीस जातींची सगळी फळं त्यांनीच मोजली होती. आपली चूक आपल्यापाशी थांबत नव्हती, ती त्या पोराच्या पदवीपर्यंत पोचत होती.

शनिवारी सकाळी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर उठायला वेळ लागला असता, आणि त्यांना वाटत होतं की कदाचित लगेच निघावं लागेल.

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. खाली वाकता येत नाही. वरचं मोजते. सत्तावीस नंबरखाली अठ्ठावीस निघाल्या, दुसऱ्या झाडाखाली सव्वीस. उंच झाडाखाली दोन. बुटक्यांना मिरच्या कमी नाहीत, मला दिसत नाहीत.

साहेब आधी हसले, मग हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यांनी तो चौकटींचा कागद जवळ ओढला, त्याच्याकडे बघितलं, आणि पालथा केला.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "बाई, तीन वर्षांचं काम आहे हे."

"हो."

"तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द. मी दुसरं माणूस दिलं असतं."

"लाज वाटली असेल. नाहीतर काम जाईल असं वाटलं असेल. खरं सांगायचं तर, साहेब, मी इतकी दमलेले असते की काय वाटतं ते बघायलाही वेळ नसतो."

साहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर वाफे दिसत होते, लाल दोरे एवढ्या लांबून दिसत नव्हते. मग त्यांनी विचारलं, पण वळले नाहीत.

"केव्हापासून?"

बाईंना कळलं की हा प्रश्न बैठकीसाठी नाही. बैठकीला तीन वर्षं पुरेशी होती. तीन वर्षं म्हटलं की एवढ्यावर मिटत होतं: एकोणीस जाती वाचत होत्या, आणि या पोराचं नाव, पदवी, भिंतीवर टांगलेली त्या पदवीची चौकट, सगळं जागच्या जागी राहत होतं. त्याला काही झालं तर बाईंना ते सोसवणार नव्हतं. आपल्या पोटचं नव्हतं, पण उन्हात उभं राहून त्यांच्याकडूनच शिकलेलं होतं. खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते मायेचंच खोटं ठरलं असतं.

पण एकतीस वर्षांत त्यांनी आकडा कधी जाणूनबुजून चुकीचा लिहिला नव्हता. ही एकच गोष्ट आता त्यांच्याकडे शिल्लक होती.

"सहा वर्षं," बाई म्हणाल्या. "तुमच्या प्रबंधाच्या वर्षीही मी खाली बसत नव्हते."

साहेबांनी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. बाई वाट बघत होत्या, ते आता ओरडतील, किंवा जा म्हणतील. दोन्हींना त्यांची तयारी होती.

"माहीत आहे," साहेब म्हणाले.

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्या वर्षी वही माझ्या हातात होती ना. तुम्ही आकडा सांगायचात, मी लिहायचो. रोज तुमच्या मागे उभा असायचो. तुम्ही खाली वाकत नाही, हे मला दिसत होतं." त्यांचा आवाज खाली गेला. "मला लवकर संपवायचं होतं. फळं मी मोजायची होती, बाई. माझाच प्रबंध होता. तुम्ही उभ्यानं पटापट मोजता म्हणून मला बरंच वाटायचं. आणि मग मी साहेब झालो आणि विसरलो. खरंच विसरलो. आत्ता तुम्ही सांगायला लागलात तेव्हा आठवलं."

भिंतीवरच्या चौकटीकडे कोणीच बघितलं नाही. बाईंना त्यांचा राग यायला हवा होता, पण राग आला नाही. त्यांना त्याची कीव आली, आणि स्वतःचीही आली, आणि या दोन्हीपेक्षा थकवा मोठा होता. शेवटी त्या खुर्चीत बसल्याच.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"बैठक पुढे ढकलतो. मग माझ्या प्रबंधाबद्दल विद्यापीठाला पत्र लिहितो." साहेब टेबलाशी आले. "त्याचं काय होईल ते होईल. तुम्ही त्यात पडू नका."

"पडलेच आहे मी त्यात, सहा वर्षांपासून."

दोन आठवड्यांनी, सोमवारी, सहावी आणि शेवटची तोडणी होती. साहेब जुनी पँट घालून आले. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, थोरली काहीतरी बोलणार होती, पण बाईंचा चेहरा बघून टोपली झाडू लागली. बाईंसाठी बांधावर स्टूल ठेवलेलं होतं. त्या त्यावर बसल्या, वही मांडीवर घेतली. साहेब सत्तावीस नंबरच्या पहिल्या लाल दोऱ्याखाली मांडी घालून बसले आणि पानांत डोकं खुपसलं. बराच वेळ नुसता देठ तुटल्याचा आवाज येत राहिला.

"चौसष्ट," ते आतून म्हणाले.

बाईंनी वहीचं मागचं पान उलटलं. गेल्या वर्षी, याच तोडणीला, याच जातीच्या पहिल्या झाडाला त्यांनी स्वतःच्या अक्षरात तेवीस लिहिले होते. त्यांनी पान पुन्हा पुढं घेतलं आणि चौसष्ट लिहिलं.

"पुढचं," त्या म्हणाल्या.